कौसल्या इथे राहते का?

बेलपार, ता. भिवापूर
२६ सप्टेंबर

कौसल्या,

वर 'चि.' लिहिलेलं नाही आणि आशीर्वादही लिहिलेले नाहीत. विसरले नाही, राखून ठेवले आहेत.

एप्रिलपासून तू माझा फोन उचलत नाहीस. उचललास तर "हो बाई, बरं बाई" म्हणून नातीच्या हातात देतेस. प्रणाली गोड मुलगी आहे, पण तिच्या शाळेत आज काय झालं हे ऐकायला मी फोन करत नाही. पत्र मध्येच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, म्हणून पत्र.

कामाचं आधी. काल अंगणवाडीची दिपाली आली होती. मतदारयादीचं कामही तिच्याच गळ्यात आहे, हे तुला माहीत आहे. उभ्या उभ्याच मोबाईल काढून म्हणाली, "मोठ्या काकू, कौसल्याकाकूचं नाव नागपूरले हलवाचा अर्ज आला हाय. भूपेशभाऊनं भरला. मले चौकशी करा लागते. कौसल्याकाकू इथं राहते का?"

मी म्हटलं, "चहा घे."

"चहा घेतो मंग. पयले हो का नाई ते सांगा."

"साखर कमी टाकू?"

"काकू!"

तेव्हा मी सांगितलं की विचारून कळवते. तुला तर ठाऊक आहे, हो किंवा नाही विचारलं की मी हो किंवा नाही सांगते. या घरात सून म्हणून आले त्या दिवशी सासूबाईंनी "स्वयंपाक येतो का" विचारलं, तेव्हाही मी चारचौघांत "नाही" म्हटलं होतं. काल मात्र जमलं नाही. तू माझ्या धाकट्या दिराची बायको, आपल्या दोन घरांत एक भिंत, आणि त्या भिंतीपलीकडे कोणी राहतं का हे मला सांगता येईना.

तर आता तूच सांग. तू इथे राहतेस का? नानाजीभाऊजी गेल्यावर तुझा भूपेश तुला नागपूरला धरमपेठेत घेऊन गेला ते "चार दिवस मन रमेल" म्हणून. ते चार दिवस कधी संपतात, एवढंच कळव.

तुझं घर मी काल उघडलं. उंदीर झाले असतील असं वाटलं. उंदीर नव्हते. उघडलंच आहे तर झाडून घेतलं. दुसरं काही कारण नव्हतं.

तुझी जाऊ,
गोपिका


बेलपार
९ ऑक्टोबर

कौसल्या,

उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहीत राहीन. माझ्याकडे पोस्टाची पाकिटं भरपूर आहेत.

परवा गावात तहसिलीतून साहेब आले होते. एप्रिलच्या मतदानात तालुक्यात सगळ्यात कमी मतदान आपल्या बेलपारचं झालं म्हणे. साहेब तरुण होता, सोबत दोन माणसं, एक कापडी फलक आणि ढोलकीवाला. देवळासमोर सगळ्यांना बसवलं आणि फार हळुवार आवाजात विचारलं, "तुमचा बहिष्कार कशासाठी आहे? गावाच्या मागण्या काय आहेत?"

मग चहाच्या टपरीवाला ओमप्रकाश उठला. "साहेब, नाल्यावरची मोरी."

झालं. साहेब विचारूनच राहिले आहेत तर कशाला सोडा, म्हणून एकेक जण उठू लागला. मोरी, पाण्याची टाकी, उमरेडच्या सकाळच्या बसचा थांबा, विजेची डीपी जळते ती. साहेबांचा माणूस भराभर लिहून घेत होता. म्हातारी सखूबाई म्हणाली, "मले चष्मा पायजे." तेही लिहिलं.

मी थोडा वेळ होऊ दिलं. मोरी खरंच हवी आहे. मग उठले आणि म्हटलं, "साहेब, लिहिणं थांबवा. इथे बहिष्कार नाही. इथे जोड आहे."

त्याला कळेना. मग सगळं सांगावं लागलं. की एका निवडणुकीला मतदान ऐन धान कापणीत आलं. माझे मालक आणि त्यांचा धाकटा भाऊ नानाजी एकाच बांधीत विळा घेऊन उभे. दोघांची चिन्हं जन्मापासून वेगळी. नानाजी म्हणाले, "दादा, तू जाशीन तं माह्यं मत खाशीन. मी जाईन तं तुह्यं खाईन. मंग दोघायनं दिवस काहून खराब कराचा?" पण एकाने गपचूप जाऊन येऊ नये म्हणून दोघांनी अडकित्त्याने एक सुपारी फोडली. अर्धी याच्या कमरेला, अर्धी त्याच्या. मतमोजणी झाली की दोघांनी समोरासमोर चघळायची. ज्याने मत दिलं त्याने सुपारी परत करायची आणि मान खाली घालायची. तिथून ही जोड गावभर झाली. भावाभावांची, शेजाऱ्यांची, सासू-सुनांची. धान असो, कापूस असो, एप्रिलात मिरचीचे देठ खुडणं असो, कामाचा दिवस वाचतो आणि निकाल तोच राहतो. आपल्या दोघींची जोड तर भावांपेक्षा जुनी वाटावी इतकी पक्की होती. होती, असं लिहिते आहे. पुढे येईन त्याच्यावर.

साहेब ऐकत राहिला. मग म्हणाला, "मावशी, रिपोर्टात काय लिहू? मतदार उदासीन आहेत असं लिहू?"

"उदासीन? या गावातली कुत्री कोणत्या पक्षाची आहेत तेही आम्ही सांगू शकतो."

"तुमचं शिक्षण किती, मावशी?"

"बी.ए. राज्यशास्त्र. नागपूर."

त्याने चष्मा काढून पुसला. मागून ओमप्रकाश म्हणाला, "बाईनं शिकूनच तं आमाले जोड लावाले शिकवलं, साहेब." खोटं आहे हे. मी फक्त चुकार जोड्या सरळ केल्या.

जाताना साहेब गाडीशी थांबला आणि म्हणाला, "तुमचं गणित बरोबर आहे, मावशी. पण लांबून यादी बघणाऱ्याला वाटतं, या गावात कोणी राहतच नाही."

हे मला लागलं. एकाच पंधरवड्यात दुसऱ्यांदा कोणीतरी तोच प्रश्न विचारला होता.

आणि एक तुला माहीत नसेल ते सांगते. तुझ्या भासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, एप्रिलमध्ये मत दिलं नाही. जोडीदारच उरला नव्हता, मोकळे होते. मी म्हटलं, "जा की." तर म्हणाले, "नानाजी येऊ शकत नाई तं मी कसा जाऊ? त्याच्या माघारी त्याचं मत खाल्ल्यासारखं होते." दिवसभर ओट्यावर बसून राहिले. कमरेच्या पिशवीत अजून जुनी अर्धी सुपारी आहे. दात नाहीत, तरी आहे.

गोपिका


बेलपार
२२ ऑक्टोबर

कौसल्या,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. त्यातली एक खोडलेली, ती मी उजेडात धरून वाचली. "बाई, तुमच्या हातचं भरीत" एवढंच वाचता आलं. पुढे काय ते कळलं नाही, पण वांगी यंदा बरी आली आहेत.

बाकी तीन ओळींना उत्तर देते.

तू लिहितेस, "भूपेश गाडी घेऊन आला, मले नाई म्हणता नाई आलं." खरं असेल. मुलगा नागपूरहून गाडी घेऊन येतो, आईला शाळेपर्यंत नेतो, तिचं मत देववतो, याला ती काय नाही म्हणणार. पण त्या दिवशी मी सकाळपासून मिरच्यांचे देठ खुडत बसले होते, बोटं जळत होती, आणि माझ्या डब्यात तुझ्या सुपारीचं अर्धं होतं. संध्याकाळी तू पाया पडायला दारात आलीस. डावा हात पदराखाली. कौसल्या, तू आयुष्यात कधी पदराखाली हात ठेवून माझ्या पाया पडली नव्हतीस. मी म्हटलं, "हात काढ." तू काढलास. बोटावर शाई होती. मी म्हटलं, "सुपारी दे आणि जा." तू गेलीस, पण सुपारी न देताच.

गावाला वाटतं मी मतासाठी रागावले. एका मताने काय होतं? आमदार, खासदार निवडणुकीत पडल्यावर आपल्या दारात कधी विचारायला आले आहेत का, की गोपिकाबाई, तुमचं एक कमी पडलं? मी रागावले ते लपवलंस म्हणून. येऊन सांगितलं असतंस, "बाई, मोडली जोड, पोरानं नेलं," तर मी दोन शिव्या दिल्या असत्या आणि ताकाची कढी वाढली असती.

तू लिहितेस, "मी आता नागपूरचीच समजा." समजणार नाही. नागपुरात तू काय करतेस? भूपेश आणि सूनबाई कामावर, प्रणाली शाळेत. तू तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून खालच्या दुकानाच्या पाट्या वाचतेस, हे प्रणालीनेच मला सांगितलं. (तिचा फोन मला आवडत नाही असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते मागे घेते.) तिथे तुझं चिन्ह कोणतं हे कोणाला ठाऊक आहे? लिफ्टमध्ये तुला कोणी "काय कौसल्याबाई, यंदा तुमचं काही खरं नाही" असं चिडवतं का? माणूस राहतो तिथे लोकांना त्याचं चिन्ह माहीत असतं.

आता गावातलं ऐक. रविवारी देवळात बैठक झाली. साहेबांचं ते वाक्य मी सगळ्यांना सांगितलं. बरीच खडाजंगी झाली. ओमप्रकाश म्हणाला, "निकाल तोच लागन तं दिवस काहून मोडाचा?" सखूबाई म्हणाली, "मोडला त मोडला. मले साहेबानं चष्मा देला नाई, पण आपून इथं राहून राहिलो हे त दिसन त्याले." शेवटी ठरलं की जोड मोडायची नाही, पण घरीही बसायचं नाही. जोडीने निघायचं, जोडीने जायचं, एकामागे एक मत द्यायचं. ज्याचा जोडीदार आला नाही त्याने एकट्याने जायचं नाही. हा शेवटचा नियम कोणी घातला असेल ते तू ओळखशील.

तेव्हा तू आली नाहीस तर मीही जात नाही. मतदान विधानसभेचं, नोव्हेंबरच्या विसाव्या तारखेला. तू माझ्या चिन्हाला मत दे असं मी म्हणत नाही. माझ्या चिन्हाविरुद्धच दे. पण इथे येऊन दे.

गोपिका


बेलपार
७ नोव्हेंबर

कौसल्या,

दिवाळीचा चिवडा प्रणालीच्या मामाबरोबर पाठवला होता, मिळाला असेल. पातळ पोह्यांचा आहे, जाड पोहे तुला चालत नाहीत.

थोडक्यात लिहिते. दिपाली म्हणाली की निवडणूक होईपर्यंत तुझं नाव इथून हलणार नाही, अर्ज तसाच थांबलेला आहे. नंतर मात्र तिला उत्तर द्यावंच लागेल.

भूपेशला फोन केला. म्हणाला, "मोठी आई, मले त्या दिवशी टाइम नाई, आन् एका मतासाठी तिले बसनं पाठवणं बरं दिसत नाई." मी म्हटलं, "एप्रिलमध्ये एका मतासाठी तू पेट्रोल जाळलंस. आता तुझ्या आईला तिच्या मतासाठी बसचं डिझेल जाळू दे." वाईट मुलगा नाही तो. आईला सांभाळायचं म्हणजे तिला कुठे जाऊ द्यायचं नाही, असं त्याला वाटतं.

बस गणेशपेठेहून मिळते हे तुला माहीत आहे. उमरेडला गाडी बदलावी लागली तर भिवापूरची बघून चढ, कंडक्टरला आधी विचार. खिडकीशी बस, तुला मळमळतं. लिंबू जवळ ठेव. मतदान-ओळखपत्र घ्यायला विसरू नकोस. चष्मा घे. वीस तारखेला सकाळी मी फाट्यावर येऊन उभी राहीन. फार वेळ नाही. एक बस पाहीन.

बरं, दोन पाहीन.

पाडव्याला तुझ्या ओट्यावर पणती लावली होती. अंधारात तुझ्या पायरीला लोक ठेचकाळतात म्हणून.

गोपिका


बेलपार
२६ नोव्हेंबर

चि. कौसल्या,

अनेक आशीर्वाद. एप्रिलपासूनचे साठलेले सगळे एकदम पाठवते आहे.

त्या दिवशी बोलायला वेळच मिळाला नाही. तू तिसऱ्या बसने आलीस. (मी फाट्यावर कशी काय होते असं तू विचारलंस आणि मी म्हटलं की नुकतीच आले. असो.) तू उतरलीस, पदरातून हात काढलास आणि त्या जुन्या अर्ध्या सुपारीसकट माझ्या पाया पडलीस. मी म्हटलं, "साडी कसली नेसली आहेस? पिको तरी करून घ्यायचा." त्याचा अर्थ तुला कळला असेल. चाळीस वर्षं कळतोच आहे.

घरी आल्यावर जे झालं ते अजून गाव बोलतं आहे. तू लग्न होऊन आल्यापासून तुझ्या भासऱ्यांशी एक शब्द बोलली नव्हतीस. पाणी हवं का हेसुद्धा "बाई, भासऱ्यायले विचारा" असं. आणि त्या दिवशी डोक्यावरचा पदर नीट करून तू सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिलीस. "चला दादा. तुमच्या भावाचं मत मी घेऊन आली. आता तुमाले घरी बसाचं कारण नाई." ते ऐकू कमी येतं असं सगळ्यांना सांगतात. पण पहिल्या हाकेला उठले. टोपी शोधली. ओटा उतरताना मला म्हणाले, "ही बोलते व्हय?"

आपण तिघं गेलो. आपल्या मागे सखूबाई आणि तिची सून, त्यांच्या मागे ओमप्रकाश आणि त्याचा साडू. शाळेच्या मैदानात जोड्यांची रांग, लग्नाच्या वरातीसारखी. बंदोबस्ताचा शिपाई विचारत होता, हे सगळे नवरा-बायको आहेत का?

आता ऐक. निकाल लागला. तालुक्यात सगळ्यात जास्त मतदान बेलपारचं. साहेब परवा ढाल घेऊन आले आणि भाषणात म्हणाले, हे ढोलकीवाल्याच्या पथनाट्याचं यश आहे. मी काही बोलले नाही. मोरीचं काम मंजूर झालंय असंही म्हणाले, तेव्हा मी अजिबातच काही बोलले नाही.

पण खरी गोष्ट वेगळीच झाली. आपल्या केंद्राचे आकडे आले तेव्हा गावाने हिशेब मांडला. इथे कोण कोणाचं हे सगळ्यांना पाठ. माझ्या चिन्हाला चारांची आघाडी यायला हवी होती. आली सहाची. म्हणजे तुमच्या बाजूचं एक मत आमच्याकडे आलं. एका मताने बाजू बदलली की फरक दोनाने वाढतो, हे समजायला बी.ए. लागत नाही. टपरीवर भांडण पेटलं. तुमच्या बाजूचे सगळे ओमप्रकाशवर. "तूच फुटला बे! साडूनं पाजली तुले!" तो बिचारा पोराच्या डोक्यावर हात ठेवायला निघाला होता.

मी नळावर पाणी भरत ऐकत होते आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. संध्याकाळच्या बसच्या खिडकीतून तू म्हणाली होतीस, "बाई, एप्रिलचं फिटलं." मला वाटलं सुपारीबद्दल बोलते आहेस.

कौसल्या, तू माझ्या चिन्हाला मत दिलंस.

मला आधी इतका राग आला की घागर तशीच ठेवून मी घरी आले. मत म्हणजे काय रुसवा काढायला पाठवलेलं खणाचं कापड आहे? नानाजी आयुष्यभर एका चिन्हाला चिकटून राहिले, भावाशी भांडले, आपल्या सासऱ्यांचा मार खाल्ला, आणि तू ते चिन्ह एका जावेसाठी सोडून आलीस? त्या यंत्रासमोर उभं राहून तुला माझा विचार सुचलाच कसा? ते काय माझं घर आहे?

मग राग गेला. कसा गेला ते लिहीत नाही.

मी परत टपरीवर गेले. पदर खोचून मधोमध उभी राहिले आणि म्हटलं, "पुरे झालं. मत गुप्त असतं. कायदा आहे तसा. ज्याने दिलं त्याने दिलं, विचारायचं नाही. ओमप्रकाशला कोणी बोललं तर माझ्याशी गाठ आहे."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. या गावात असं कोणी कधी म्हटलेलं नव्हतं. माझी बाजू जिंकली आणि मीच गुपिताची बाजू घेते, हे त्यांना उलगडेना. सखूबाईने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाली, "चहा दे रे ओमप्रकाश, बाईले. घसा सुकला तिचा." बेलपारमध्ये आजवर एकही मत गुप्त नव्हतं. आता एक आहे, आणि ते आपल्या दोघींचं आहे. सखूबाईला कळलं असेल तर तिघींचं.

पण पुन्हा असं करायचं नाही. पुढच्या वेळी तुझ्या चिन्हाला दे, सरळ, माझ्या नाकावर टिच्चून. माझं मत खाणारं माणूस मला हवं आहे. मला देणारी माणसं गावात अर्धी आहेत.

आज सकाळी दिपाली आली. मोबाईल काढला आणि परत तोच प्रश्न. "मोठ्या काकू, आता तं सांगा. कौसल्याकाकू इथं राहते का?"

मी म्हटलं, "राहते."

"पन घराले तं कुलूप हाय."

"नातीला भेटायला नागपूरला गेली आहे. येईल. मिरचीचा पहिला तोडा पुढच्या आठवड्यात आहे, देठ खुडायला दुसरं कोणी नाही. लिही, राहते."

तिने लिहिलं आणि माझी सही घेतली.

कौसल्या, मी सरकारी माणसाशी आजवर कधी खोटं बोललेले नाही. मला खोटं पाडू नकोस.

बस दुपारी दोनचीही चालते. मी फाट्यावर असेन.

तुझी जाऊ,
गोपिका